टाकीच्या पुढचं पान

थांबा, थांबा — इथेच थांबा. टाकीचं झाकण सरकवलं, असं वाचलंत ना? बस. पुढे नको. अहो, नाही, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही छान वाचता, आवाज स्वच्छ आहे, घाई नाही — मीच म्हटलं होतं, हेच पुस्तक आणा, शेवटपर्यंत वाचा, मधे मी काही बोलले तरी थांबू नका. हो, म्हटलं होतं. कबूल. पण आता नको. पानात बोट घालून ठेवा हवं तर. पाणी घ्या, तांब्या तुमच्या उजव्या हाताला असेल. मीच उठून दिलं असतं, पण या डोळ्याची पट्टी निघेपर्यंत डॉक्टर वाकूसुद्धा देत नाहीत, आणि दुसऱ्या डोळ्यानं तुम्ही मला नुसत्या निळ्या दिसताय — निळीच साडी आहे ना? तेवढं कळतं.

तुम्हाला वाटेल, काय बाई आहे, पन्नाशी उलटली आणि रहस्यकथेला घाबरते. खुनाचं मला काही वाटत नाही हो. पहिल्याच प्रकरणात तो काका माणूस मारतो, मारू दे, पुस्तकच तसलं आहे. पण ती बिट्टी — सात वर्षांची पोर, दाराच्या फटीतून बघते आणि त्या दिवसापासून तोंडच उघडत नाही. आणि तो काका त्याच घरात. तिच्यासमोर बसून जेवतो. तिची रिबीन सुटली की बांधून देतो. काल वाचताना तुमचाही आवाज बारीक झाला होता तिथे, माझ्या लक्षात आलं. आमच्या सासूबाई त्या रिबिनीपाशी ओरडल्या होत्या — “अगं, तिला म्हणावं मोकळे सोड केस!”

हो, सासूबाईंना वाचून दाखवत होते मी. त्यांची दृष्टी पार गेली होती. माझ्यासारखं पट्टी काढून परत येणारं प्रकरण नव्हतं ते. तेवीस वर्षं एका घरात राहिलो आम्ही, आणि बोलणं काय होतं? मीठ जास्त झालं, नळ गळतोय, पोस्टमन येऊन गेला. बस. भांडण नव्हतं, खरंच नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी माया लागते. आम्हाला मूलबाळ नाही, त्यावरून त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि न बोलण्याचाच मला राग. दृष्टी गेल्यावर मुलाला म्हणाल्या, “हिला सांग, मला वाचून दाखव म्हणावं.” मी तिथेच उभी होते! आणि पुस्तकाचं नावही त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, कोणाकडून तरी ऐकलं असेल.

मग काय, संध्याकाळी गणवेशाचं मशीन बंद केलं की वाचायला बसायचं — शाळांचे गणवेश शिवते मी, पुढच्या खोलीत गठ्ठे दिसले असतील तुम्हाला. आधी त्या नुसत्या ऐकायच्या. मग मधेच बोलायला लागल्या. “पलंगाखाली नको लपू, पहिल्यांदा तिथेच बघतात.” मी म्हणायचे, मग कुठे लपेल ती? त्या म्हणायच्या, गच्चीवर. मी म्हणायचे, गच्चीवरून पळायला वाट नाही. पुस्तक राहायचं बाजूला आणि आमची वादावादी. आमचे हे बाहेरून येऊन विचारायचे, कोणाबद्दल चाललंय? आम्ही दोघी एकदम — “काही नाही!” एकदा मला म्हणाल्या, “पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही, लेखकाच्या लक्षात तरी आहे का?” आणि मग, “तू जेवलीस का?” तेवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं हो.

तर हे टाकीचं पान आलं. माझी सवय, पुढची ओळ डोळे आधीच बघून येतात. पाहिलं. काकाने तिला उचललं, आत… पान उलटून पुढचं प्रकरण बघितलं, तर इन्स्पेक्टर टाकीपाशी टोपी काढून उभा. म्हणजे संपलंच. सासूबाई विचारतायत, “का गं थांबलीस?” आणि मी वाचलं — म्हणजे वाचलं नाहीच — म्हटलं, “तेवढ्यात खाली कोणीतरी हाक मारली, काका वळला, आणि बिट्टी त्याच्या हाताखालून निसटली.” कुठून सुचलं देव जाणे. सासूबाईंनी धरलेला श्वास सोडला, मला ऐकू आला.

मग ते चालूच राहिलं. पुस्तक वाचनालयाला परत गेलं, मी हातात दुसरंच काहीतरी धरायचे, पानं उलटल्याचा आवाज यायला हवा ना. बिट्टीला मी आत्याकडे नेलं, शाळेत घातलं, दात पाडला, गालगुंड आणलं. अशी हट्टी झाली होती! एकदा कापड कापता कापता बघते तर एक फ्रॉक जास्तीचा कापलेला. त्या मापाची ऑर्डरच नव्हती.

पण तो काका यायचा. मी आणत नव्हते त्याला, शपथेवर सांगते. मी म्हणायचे, बिट्टी अंगणात खेळतेय, आणि माझ्याच तोंडून पुढचं वाक्य बाहेर पडायचं — “पलीकडच्या झाडाखाली कोणीतरी उभं होतं.” मी घर बदललं तिचं, गाव बदललं. पुन्हा तेच. आत्याच्या घराची कडी आतून नीट लागत नाही, असंही मीच बोलून गेले. मग मी आमच्या घराच्या कड्या तपासत हिंडायचे. हे चिडायचे.

शेवटी एक दिवस रडूच कोसळलं मला. म्हटलं, “आई, मला चुकवता येत नाही हो त्याला.” तर शांतपणे म्हणतात, “कसा चुकेल? पुस्तकात ती टाकीत जाते म्हणून तो सापडतो. तिच्या मुठीत त्याच्या शर्टाचं बटण असतं. तू तिला वाचवलंस, मग त्याला कोण पकडणार?” त्यांनी वाचलं होतं हो! दृष्टी होती तेव्हा, एकदा नाही, बरेचदा. म्हणाल्या, “दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी निसटेल. टाकीपाशी तू थांबलीस ना, तेव्हा म्हटलं, बघू ही काय करते.” आणि माझा हात धरला. चाचपडत, आधी कोपर सापडलं, मग हात. “चालू दे,” म्हणाल्या. “आता ती आपली आहे.”

त्यानंतर काही चोरी उरली नाही. पुस्तक हातात धरणं बंद केलं. दोघी मिळून रचायचो, त्याला पकडायचं कसं ते ठरवायचो. शेवटच्या संध्याकाळी असं होतं — बिट्टी शाळेतून आली, आत्या घरात नाही, आणि फाटकापलीकडे तो. हात पुढे केलाय, रिबीन बांधून देतो म्हणतोय. त्या म्हणाल्या, “आता ती ओरडेल. इतके दिवस बोलली नाही, आता बोलेल.” मला पटलं नाही. म्हटलं, “एवढ्यात नको, उद्या ठरवू. थकलाय तुम्ही.” पहाटे चहा घेऊन गेले तर… झोपेतच. हो. थंडी सरता सरता गेल्या.

सगळे म्हणाले, वय झालं होतं, सुटल्या. सुटल्या असतील. पण ती? ती तिथेच आहे ना, फाटकापाशी! मी प्रयत्न केला हो. एकटीनं, मोठ्यानं. पण ऐकायला कोणी नसलं की एक वाक्य पुढे सरकत नाही. दिवसा मशीनवर असले की निभायचं, पण ही पट्टी बांधल्यापासून दुसरं काही दिसतच नाही. दफ्तर पाठीवर, एक वेणी सुटलेली. म्हणून म्हटलं, तुम्हाला बोलावावं. लेखकाचं लेखकाला देऊन टाकावं. टाकीत तर टाकीत, तो सापडेल तरी, पोर उभी राहून दमली असेल. असा विचार केला मी. असा केला, लाज वाटते सांगायला — आणि तुम्ही ‘झाकण’ म्हणालात आणि मला नाही झालं.

ऐका ना. पुस्तक मिटा. बोट काढा, खूण नको. तुम्ही वाचू नका, नुसतं ऐका. ऐकाल? दोनच मिनिटं. हुंकार दिलात तरी पुरे.

बिट्टी फाटकापाशी उभी होती. त्यानं हात पुढे केला. बिट्टीने तोंड उघडलं — हो, उघडलं, आई म्हणत होत्या तसंच — आणि तो हसला, आणि म्हणाला, “ओरड की. आता ऐकणारी म्हातारी नाही.”

…हे मी नाही म्हटलं. तुम्ही ऐकलंत ना? मी असं म्हणणार नव्हते.

तुम्ही निघा. नाही, रागावले नाही, निघा तुम्ही. आणि ते पुस्तक ठेवू नका इथे, घेऊन जा — हो, आत्ताच!