हिरवं की पांढरं

टेबलावर फुटबॉलच्या उपांत्य सामन्याची दोन तिकीटपुस्तकं होती: नवापूरच्या बाजूचं हिरवं, बोईसरच्या बाजूचं पांढरं. हिरव्यात तीनच तिकिटं उरली होती. रांगेत चारुताच्या पुढे एक जोडपं होतं.

"शालू, दोन पांढरीच घेऊ. लग्नाला नऊ वरसं झाली, आता बोईसर तुझं."

"आनि नवापूरचा गोलकीपर माझा भाऊ हाय, त्याचं काय?"

"पाच गोल खानार तो."

"मासे पकडनारे हात हायत ते. चेंडू सुटायचा नाय."

"दरवर्षी अशीच भांडतेस, नि सामन्याला घरी बसतेस."

"बसले, म्हनून दोनी घरं गोड राहिली."

"आईनं कालच पांढरं घेतलंय. तिला काय सांगू?"

"ताई, कुठलं देऊ?" तिकीटवाल्याने शालूला विचारलं.

"यांना एक पांढरं. मला हिरवं द्या."