आबांना विचारून धरलेली तारीख

मी फेकतोय असं वाटलं, तर पारोळ्यात कुणालाही विचारा. माझा पुतण्या नीलेश आणि त्याची फैजपूरची प्रीती, दोघांनी मिळून लग्न मे महिन्यात धरलं होतं, कारण एप्रिलमध्ये तिची नर्सिंगची शेवटची परीक्षा होती. तेवढ्यात आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले. झालं! ओसरीवर बैठक बसली, प्रीतीलाही फैजपूरहून बोलावून घेतलं आणि घरातल्या थोरल्यांनी फर्मावलं,

"लग्न या पंधरवड्यातच उरका. आबांचं काही झालं तर वर्षभर कार्य करता यायचं नाही."

परीक्षा बुडणार म्हणून प्रीतीचा चेहरा उतरला. नीलेश म्हणाला, "आधी आबांना तर विचारा."

सगळे त्याच्यावर खेकसले, "असं कुणी विचारतं का?"

प्रीती उठली, आत गेली आणि आबांचा हात धरून म्हणाली, "आबा, मे महिन्यापर्यंत थांबाल का?"

आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा लोक बाहेर कुजबुज करतस, तूच तेवढी इचारं. परीक्षा दे. मी थांबसू."

आणि म्हातारा थांबला की हो! यम दोनदा उंबऱ्यापर्यंत येऊन चहा पिऊन परत गेला, हे मी स्वतः पाहिलंय. मांडवात आबांनी खुर्चीत बसून अक्षता टाकल्या, प्रीतीला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "आते तरी जाऊ का?"

"निकाल लागल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

आबांनी निकालाचा पेढाही खाल्ला. मग मात्र तिला न विचारताच गेले.