साहेबांची जागा

वॉशिंग्टनमध्ये आरोग्य विम्याचा कायदा रद्द करायचा की नाही, यावर संसदेची समिती मतदान करणार होती. आत खुर्च्या थोड्या. माझ्यापुढे रांगेत, दुसऱ्यांसाठी मजुरीवर जागा धरणारी दोघं, ओडेसा नावाची बाई आणि वेंडेल, बोलत होती. मी नीट ऐकलं असेल तर असं.

"ओडेसा, आज कुणासाठी?"

"एका कंपनीच्या साहेबासाठी. त्याला हा कायदा रद्द होताना बघायचाय."

"आणि तुझं इन्सुलिन?"

"याच कायद्याच्या विम्यावर मिळतं."

"तरी पहाटेपासून पहिला नंबर?"

"म्हणूनच. तो बघ आला."

"बाई, द्या माझी जागा."

"आज मजुरी नको, साहेब. आत मीच बसते."

"अहो, मग मी?"

"वेंडेल, साहेबांना रांगेतला शेवटचा माणूस दाखव. आणि तुझी घडीची खुर्ची दे. त्यांना उभं राहायची सवय नाही."