आजीच्या कॉफीचं पाणी

हॅलो?… ग्रेथे आत्या, तूच ना? जरा हळू बोलते हं, विलाड्स झोपलाय… हो, बाहेरच, बाबागाडीत, सफरचंदाच्या झाडाखाली… टोपी आहे गं. एकावर एक घातल्यात.

रागावले नाही. कालपासून लावतेय फोन… चर्चमध्ये केक होता? बरं झालं… हं… हो, हो… आत्या, ऐक ना. तो उठला की माझं बोलणं संपलं.

गोठ्यामागचा तो खोलगट तुकडा. तिथे काय होतं?

… गवत. ते मलाही दिसतंय. त्याच्या आधी?

अगं, नगरपालिकेच्या बाई विचारतायत. विहिरीच्या पाण्यात फवारणीचं औषध निघालंय… हो, आपल्याच विहिरीच्या. जुनं औषध, आता कुणी वापरत नाही असलं. म्हणून तर काल दफ्तरखान्यात जाऊन बसले, पोराला कडेवर घेऊन. एका हाताने नकाशे उलटायचे, दुसऱ्याने त्याच्या तोंडातून काढायचे… हस, हस. माझ्यात हसायचंही त्राण नाही.

जुन्या नकाशात तिथे तळं आहे. नंतरच्या, विमानातून काढलेल्या फोटोत नाही. उडून गेलं का तळं?

… चुनखडीचा खड्डा? पणजोबा शेतात टाकायला माती काढायचे, तो?… आणि मग त्यात पाणी साठलं. बरं. बुजवला कशाने?

… सगळेच बुजवायचे, ठाऊक आहे. अख्ख्या युटलंड प्रांताने बुजवले. कशाने, आत्या?

… मोडका नांगर… तारा… मेलेला घोडा. घोड्याचं काही नाही गं. अजून?

… विषय बदलू नकोस. अजून काय?

… डबे. फवारणीचे… सगळे रिकामे नव्हते?

… नाही गं, आजोबांना कोण नावं ठेवतंय? खड्डा होता, भरला. वर माती, मातीवर गवत. किती नीटनेटकं शेत, म्हणून गावाने कौतुकच केलं असेल… केलंच ना.

नाही, गप्प नाही बसता येणार. नेमकी जागा कळली तर तेवढं उपसतील, आणि वरच्या अंगाला नवी विहीर घेता येईल. नाही कळली तर आम्हाला हे घर सोडावं लागेल… गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. विलाड्सची लापशी त्याच पाण्यात शिजत होती, आत्या. मीच शिजवत होते.

… रडत नाहीये. झोप नाही झाली, एवढंच.

काय? आजीचं काय?… आठवतं की. दुधाच्या कॅनमधून शेजारच्या आयनारकडून पाणी आणायची, कॉफीला. आपल्या पाण्याची कॉफी कडू होते म्हणायची. बाबा तिला राणीसाहेब म्हणून चिडवायचे…

… कधीपासून आणायला लागली?

… खड्डा बुजवल्यावर.

… आत्या?… नाही, माझ्याही आत्ताच डोक्यात आलं… आणि तुम्हा पोरांना? तुम्हालाही त्याच कॅनमधलं द्यायची?… रोज?… आणि आजोबांना एका शब्दाने बोलली नाही.

… हं.

… तू येतेस? उद्या? आणि गुडघा?… काठीने दाखवशील. इथून इथवर… बाईंच्या समोर? नक्की ना?

थांब, उठला वाटतं. हो रे राजा, आले, आले… कॉफी? मिळेल की. करून ठेवते.

पाणी मात्र तू घेऊन ये.