रडारवरचा डाग

कवठे महांकाळच्या दवाखान्यात डोळ्यांत औषध घातलेली ब्राह्मी मिटल्या डोळ्यांनी बसली होती. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि हवामान खात्यात नोकरीला असलेला तिचा भाचा बोलत होते.

"आत्या, परवाच्या वावटळीचं हे रडारचं चित्र. हा डाग पावसाचा न्हाई."

"मग कशाचा रं?"

"पावसाचं थेंब सगळं सारखं दिसत्यात. हे येडंवाकडं हाय. पत्रं, कडबा, फांद्या, वाऱ्यानं वर उचललेलं. जितकं उंच गेलं, तितकी खाली नासधूस जास्त. डाग बघूनच आमी वळखलं, हितली वस्ती ऱ्हायली नसंल."

"ती आमचीच वस्ती."

"व्हय, आत्या."

"ह्यात मेंढरं हायत?"

"असतील. वर कायतरी हाय एवढंच रडारला कळतं. काय हाय, ते न्हाई कळत."

"मला कळलं हुतं. मी बांधाला चिकटून पडले हुते. मेंढरांच्या घंट्या डोक्यावरनं वाजत गेल्या. मागनं ह्यांची हाक गेली, तीबी वरनंच."

"भास असंल. मामा आत हायत की, पाय तेवढा मोडलाय."

"त्यास्नी इचारलं सकाळी. म्हणाले, मी चरीत पडलो हुतो, तोंडात माती. हाक कुठनं मारू?"

भाचा उठू लागला, तसा बाक करकरला.

"राजवर्धन, तुमच्या रडारला हाक दिसती का रं?"

"न्हाई, आत्या."

"मग ती अजून वरच असंल."