मोटारीला पाजलेलं एरंडेल

तुम्ही मला शिकलेली म्हणता ना, मग माझ्या शिक्षणाने मोटारीचं काय केलं ते ऐका. भावाच्या हळदीसाठी आम्ही नंदुरबारहून रनाळ्याला, माझ्या माहेरी निघालो होतो. मांडीवर तान्हा आणि मनात शंभर शंका. अर्ध्या वाटेत ब्रेक पार खाली गेला आणि मोटार कशीबशी एका बाभळीपाशी थांबली.

"ब्रेकनं तेल सरनं, वैनी," ब्रेकच्या तेलाची रिकामी टाकी दाखवत ड्रायव्हर सुकदेव म्हणाला.

मागून सासूबाई म्हणाल्या, "इंग्रजी शिकेल सून शे मन्ही. तिले इचार."

मोटारीबरोबर आलेलं पुस्तक मी उघडलं. ब्रेकच्या तेलात एरंडेल असतं, असं त्यात लिहिलं होतं. आणखी काय काय असतं, ते वाचायला धीर कुणाला? बाळाचं पोट साफ व्हावं म्हणून घेतलेली एरंडेलाची बाटली पिशवीत होतीच. ती अख्खी सुकदेवला त्या टाकीत ओतायला लावली. ब्रेक लागला. हळूहळू रनाळं गाठलं आणि दिवसभर मी माहेरी मान ताठ करून फिरले.

सकाळी बघते, तर मोटारीखाली तेलाचं तळं आणि ब्रेक पुन्हा खाली.

सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पोऱ्याले चमचाभर पुरस, सूनबाई. तू मोटारले बाटलीभर पाजी दिधं."