तू थांब

…आणि वर मलाच विचारतात, सोडलंस का? तुम्हाला सांगतो, मी सोडलं नाही, मला थांबवून थांबवून कुजवलं!

पीएचडीचा विषय माझा काय, तर मेंदूत नव्या चेतापेशी कशा तयार होतात. ऐकायला भारी. प्रत्यक्षात प्लेटमध्ये कच्च्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या, त्यातली एखादी जरा पुढे सरकली, चेतापेशी व्हायला लागली, की आधी काय करते? शेजारणीच्या अंगावर रिसेप्टर असतो, कानच म्हणा, तो धरते आणि सांगते, मी होतेय, तू थांब. आणि ती थांबते हो. कच्चीच राहते. म्हटलं, अरे, हे तर आमचंच घर… बाबा म्हणणार, "माझं रिटायरमेंटचं मार्गी लागू दे, तू थांब." आमचे गाइड, चष्मा कपाळावर, "माझा पेपर जाऊ दे रे पुढे, मग तुझं बघू. तू थांब." किती थांबायचं? केस गळायला लागले माझे!

मग मी तो कानच बंद करणारं औषध एका प्लेटमध्ये घातलं. अहो, सगळ्याच्या सगळ्या चेतापेशी! फांद्या काय फुटल्या, जाळं काय विणलं… मी तिथेच रडलो. सर डोकावले. "सगळ्या प्लेटमध्ये घाल. परवा पाहुणे येतायत."

म्हटलं, सर, थोड्या कच्च्या गोठवून ठेवतो, चेतापेशीपासून पुढे काही होत नाही, नवीन करायला कच्च्याच लागतात…

"पाहुणे जाऊ देत रे. तू थांब."

पाहुणे आले, वाहवा झाली, सरांचा फोटो निघाला. मग एकेक चेतापेशी सुकत गेली, आणि कच्ची? औषधालाही शिल्लक नाही. सगळं काम, सगळी वर्षं, बेसिनमध्ये. आणि सर काय म्हणाले असतील? "गोठवून ठेवायचं एवढंही सुचलं नाही तुला?"

एप्रन तिथेच टाकून घरी आलो. बाबा पेपरातून मान वर न काढता, "थोडा थांबला असतास, तर डॉक्टर झाला असतास." यांना कोणत्या भिंतीवर डोकं आपटून दाखवू, सांगा!

परवा धाकटी बहीण दाराशी. "दादा, विमान दुरुस्तीच्या कोर्सला नंबर लागलाय माझा. लांब आहे. बाबांशी तू बोल ना… तूच बोलू शकतोस."

आणि माझ्या तोंडून, शप्पथ सांगतो, माझ्याच तोंडून निघालं, "आधी माझं काहीतरी लागू दे गं. तू थांब."

आणि ती थांबली हो.